लॅपटॉपला मॉनिटर जोडताना कोरा राहिलेला रकाना

मुद्रितशोधन आणि अनुवाद ही कामे मी गेली अनेक वर्षे गोव्यात, साखळी गावातल्या घरी बसून करते. डाव्या हाताला मूळ मजकूर आणि उजव्या हाताला जुळणी झालेले पान ठेवून ओळीओळीने नजर फिरवायची, असे हे काम आहे. चौदा इंची लॅपटॉपवर दोन पाने शेजारीशेजारी लावली की अक्षर इतके बारीक होई की एखादा अनुस्वार किंवा रफार खरोखर आहे की नाही, हे ठरवण्यासाठी दर वेळी पान मोठे करावे लागे. यंदा जुलैत, दिवाळी अंकांच्या कामाचा ओघ सुरू होण्यापूर्वी, मी सत्तावीस इंची फोर-के मॉनिटर घेतला. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६० बिंदूंचा पडदा. एका वेळी जवळजवळ ८३ लाख बिंदू. तो नीट जोडून त्यावर पहिले पान तपासायला मला सोळा दिवस लागले. इतके दिवस जाण्याचे कारण असे की बिघाड एक नव्हता. दोन-तीन वेगवेगळ्या अडचणी एकमेकींवर अशा पडल्या होत्या की प्रत्येक चाचणीचे उत्तर मला चुकीच्या दिशेला नेत होते. म्हणून तो सगळा क्रम लिहून ठेवावासा वाटला.

माझ्या लॅपटॉपला केबल लावायच्या तीन खाचा, म्हणजे पोर्ट, आहेत: चित्र बाहेर नेणारा एक एचडीएमआय आणि फोनच्या चार्जरसारखे दोन टाइप-सी. टाइप-सीपैकी एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या. मॉनिटर घेताना मला असे सांगण्यात आले होते की त्यालाही टाइप-सी असल्यामुळे एकच केबल पुरेल. खोक्यात मात्र विजेची आणि एचडीएमआयची अशा दोनच केबली होत्या. म्हणून पहिल्या संध्याकाळी मी फोनच्या चार्जरची टाइप-सी केबल लावली. मॉनिटरचा दिवा लागला, पडदा क्षणभर उजळला, ‘सिग्नल नाही’ असा संदेश आला आणि काही सेकंदांनी पडदा पुन्हा काळा झाला. केबल दुसऱ्या पोर्टात लावली, उलटी करून लावली, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, तरी तेच झाले.

त्यानंतरच्या दोन दिवसांत मी सर्वांना ठाऊक असलेले उपाय केले आणि ते करणे योग्यच होते, कारण पुष्कळ वेळा अडचण तिथेच सुटते. मॉनिटरच्या मागच्या बटणाने त्याचा मेनू उघडून इनपुट टाइप-सीवरच आहे, याची खात्री केली. विंडोजचे बटण आणि पी एकत्र दाबल्यावर येणाऱ्या चारही पर्यायांवर, म्हणजे फक्त लॅपटॉपचा पडदा, दोन्हींवर एकच चित्र, दोन्ही मिळून एक मोठा पडदा आणि फक्त दुसरा पडदा, एकेक करून पाहिले. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबली की ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचे चित्र चालवणारे सॉफ्टवेअर, नव्याने सुरू होतो, तेही केले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्स चिपचे खरे नाव दिसते आहे, विंडोजचा कामचलाऊ ‘बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ तिथे बसलेला नाही, हेही पाहून घेतले. ड्रायव्हर नसला की तो कामचलाऊ ड्रायव्हर येतो आणि मग दुसरा पडदा चालत नाही. माझा ड्रायव्हर ठीक होता.

या टप्प्यावर एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर बरेच श्रम वाचले असते. डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचे नाव दिसते की नाही, हा पहिला प्रश्न आहे. केबल जोडली की चित्र जाण्याआधी मॉनिटर आपली ओळख लॅपटॉपला देतो: उत्पादक कोण, बिंदू किती, सेकंदाला चित्र किती वेळा बदलू शकते. या माहितीला ईडीआयडी म्हणतात आणि तिचा मूळ भाग अवघ्या १२८ बाइटांचा असतो. सेटिंगमध्ये नाव दिसले तर ही ओळख पोहोचलेली असते, आणि दोष पुढच्या मांडणीत शोधावा. नाव दिसतच नसेल, तर सेटिंग चाळण्यात अर्थ नसतो. केबल, पोर्ट किंवा मधला कनेक्टर यांतच काहीतरी असते. माझ्याकडे नाव दिसत नव्हते, आणि तरीही मी दोन दिवस सेटिंगच चाळत होते.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जायचे होते, म्हणून लॅपटॉप सोबत घेतला आणि तिथल्या एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवला. तिथल्या मुलाने दुकानातला मॉनिटर एचडीएमआयने जोडला, चित्र लगेच आले, आणि लॅपटॉप ठीक आहे, मॉनिटरच खराब असेल, असे त्याने सांगितले. मॉनिटर विकणाऱ्याला फोन केला तर त्याने लॅपटॉपला दोष दिला आणि विंडोज नव्याने घालून पाहा, असे सुचवले. ते मी केले नाही. या यंत्रावर माझे जुने फाँट आणि जुळणीचे सॉफ्टवेअर आहे, आणि ते पुन्हा बसवण्यात आठवडा जातो. दोष कुठे आहे हे कळण्याआधी सगळेच पुसून टाकणे म्हणजे शंका आलेला शब्द कोशात पाहण्याआधी सबंध परिच्छेद खोडण्यासारखे झाले असते.

दुकानातला तो प्रयोग मात्र उपयोगी ठरला. घरी येऊन मी खोक्यातली एचडीएमआय केबल लावली आणि चित्र आले. त्या दिवशी मला काम संपल्यासारखे वाटले, पण दहा मिनिटांतच खटकू लागले. माऊसचा बाण हाताच्या मागे राही, पान सरकवले की अक्षरे ठेचकाळत जात. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये पाहिले तर चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलत होते. तिथे ६० चा पर्यायही होता. तो निवडल्यावर बाण सुरळीत झाला, आणि मी एका दिवाळी अंकाची कथा तपासायला घेतली.

पडद्यावरच्या पानावर मी दुरुस्त्या लाल रंगात करते. काळा मजकूर स्वच्छ दिसत होता, पण लाल खुणांच्या कडा पसरल्यासारख्या दिसत होत्या, जणू शाई ओलसर कागदावर फुटली आहे. ‘दुःख’मधला विसर्ग मी लाल रंगात घातला, तेव्हा त्याचे दोन ठिपके एकमेकांत मिसळून एक उभी रेघ झाली. तोच विसर्ग काळा केला की दोन्ही ठिपके वेगळे दिसत. प्रथम माझ्या डोळ्यांवरच शंका आली. मी चष्मा पुसला, अंतर बदलले, भिंगही घेतले. भिंगातूनही तेच दिसले: लाल रंग आपल्या बिंदूत राहत नव्हता, शेजारच्या बिंदूंवर सांडत होता.

याचे कारण हिशेबाने समजते. ८३ लाख बिंदू, प्रत्येकाच्या रंगासाठी २४ बिट, आणि सेकंदाला ६० वेळा. म्हणजे सेकंदाला सुमारे १,२०० कोटी बिट. माझ्या लॅपटॉपचे एचडीएमआय २००९ मधल्या १.४ या आवृत्तीचे आहे. त्यातून सेकंदाला १,०२० कोटी बिट जातात, आणि त्यातही चित्राच्या वाट्याला ८१६ कोटीच येतात. २०१३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत एकूण क्षमता १,८०० कोटींवर गेली, पण ती माझ्या यंत्रात नव्हती. १,२०० कोटींचे चित्र ८१६ कोटींच्या वाटेने न्यायचे तर काहीतरी कमी करावे लागते. ३० च्या वेगात चित्रांची संख्या निम्मी होते. बाण अडखळत होता तो यामुळे. ६० वर ठेवले, तर लॅपटॉप रंगाची माहिती कमी करतो: प्रत्येक बिंदूचा उजेड-अंधार पूर्ण पाठवतो, पण रंग मात्र चार-चार बिंदूंच्या चौकोनाला मिळून एकच पाठवतो. सेटिंगमध्ये रंगाच्या प्रकारापुढे ‘वायसीबीसीआर ४२०’ असे दिसत होते ते हेच. चलच्चित्र पाहणाऱ्याला हा फरक सहसा जाणवत नाही. काळ्या अक्षराला रंगच नसल्यामुळे तेही शाबूत राहते. पांढऱ्या पानावरचे बारीक लाल अक्षर मात्र फुटते. मुद्रितशोधकाला नेमकी हीच गोष्ट चालण्यासारखी नाही. माझ्या मते संगणकाच्या पडद्यासाठी हे सेटिंग प्रत्येकाने एकदा उघडून पाहावे आणि तिथे आरजीबी, म्हणजे प्रत्येक बिंदूचा रंग पूर्ण पाठवणारा प्रकार, आहे, याची खात्री करून घ्यावी.

तेव्हा एचडीएमआयची वाट माझ्यासाठी संपली आणि मी पुन्हा टाइप-सीकडे वळले. पर्वरीला माझा भाचा राहतो. त्याने आपल्याकडची दोन मीटरची जाड टाइप-सी केबल पाठवली आणि फोनवर समजावले की टाइप-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचे नाव आहे. हा आकार २०१४ साली आला, त्यात २४ पिना असतात. पण फोनच्या चार्जिंगच्या पुष्कळ केबलींत वीज आणि संथ माहिती यांच्यापुरत्याच तारा असतात, चित्र नेणाऱ्या वेगवान तारांच्या जोड्या घातलेल्याच नसतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मी त्याची केबल लावली. पुन्हा ‘सिग्नल नाही’.

इथे मी चुकीचा निष्कर्ष काढला. दोन वेगळ्या केबलींनी एकच उत्तर दिले, तेव्हा केबलीचा दोष नाही, असे मी धरून चालले. त्यानंतरचे पाच दिवस मी मॉनिटर बदलून घेण्याच्या पत्रव्यवहारात घालवले.

त्या पत्रव्यवहारासाठीच मला काय काय करून पाहिले ते लिहून काढावे लागले. वहीत मी एक तक्ता आखला. आडव्या ओळींत केबली: फोनची बारीक, भाच्याची जाड. उभ्या रकान्यांत पोर्ट: डावा, उजवा. बारीक केबल दोन्ही पोर्टांत लावून पाहिली होती, म्हणून तिथे दोन फुल्या पडल्या. जाड केबलीच्या ओळीत उजव्या पोर्टाखाली फुली आली. डाव्या पोर्टाखालचा रकाना कोरा राहिला. मी आठवून पाहिले. डाव्या पोर्टात नेहमी लॅपटॉपचा चार्जर असतो. फोनच्या केबलीच्या वेळी पहिल्याच संध्याकाळी मी तो काढला होता; जाड केबल आली तेव्हा बॅटरी उतरलेली होती, म्हणून चार्जर तसाच ठेवून मी उजवा पोर्ट वापरला होता.

मी भाच्याला फोन लावला. “मावशी, उजव्या पोर्टापाशी काही खूण आहे का बघ,” तो म्हणाला. लॅपटॉप खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिला. उजव्या पोर्टापाशी यूएसबीची त्रिशूळासारखी खूण होती. डाव्या पोर्टापाशी मात्र इंग्रजी डी आणि पी एकमेकांत गुंफल्यासारखे एक चिन्ह होते, धातूवर इतके बारीक कोरलेले की तिरप्या उजेडातच दिसावे. ती डिस्प्लेपोर्टची खूण आहे. टाइप-सीतून चित्र जाते ते याच व्यवस्थेने, आणि ती प्रत्येक पोर्टात असलीच पाहिजे असे बंधन नाही. माझ्या लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेतही चित्राची सोय फक्त डाव्या पोर्टाला असल्याचे एका ओळीत छापलेले सापडले.

“पण डाव्या पोर्टात चार्जर लागतो ना?”

“लागत नाही, मावशी. तुझा मॉनिटर त्याच केबलीतून लॅपटॉपला वीजही देईल.”

चार्जर काढला, जाड केबल डाव्या पोर्टात घातली. चित्र आले, आणि लॅपटॉपच्या बॅटरीच्या चिन्हावर चार्जिंगची खूणही उमटली. म्हणजे बारीक केबल कोणत्याही पोर्टात चालणार नव्हती आणि उजवा पोर्ट कोणत्याही केबलीने चालणार नव्हता. चार जोड्यांपैकी एकच जोडी चालणारी होती, आणि नेमकी तीच मी तपासलेली नव्हती.

रंगाच्या प्रकारापुढे आता आरजीबी होते, लाल विसर्गाचे दोन ठिपके वेगळे दिसत होते, पण वेग पुन्हा ३० वर आला होता. याचे उत्तर मॉनिटरच्या मेनूत मिळाले. टाइप-सी केबलीत वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. माझ्या मॉनिटरला पेनड्राइव्ह लावायचे पोर्ट असल्यामुळे त्याने चारांपैकी दोन जोड्या त्या वेगवान यूएसबीसाठी राखून ठेवल्या होत्या, आणि उरलेल्या दोन जोड्यांतून चित्रासाठी ८६४ कोटी बिटच जाऊ शकत होते; वरचा १,२०० कोटींचा हिशेब इथेही लागू पडला. मेनूत यूएसबीचा वेग ३ वरून २.० करण्याचा पर्याय होता. तो निवडताच चारही जोड्या चित्राला मिळाल्या आणि ६० चा वेग आला. त्या पोर्टांना मी कीबोर्ड आणि माऊसच लावते, त्यामुळे यूएसबीचा वेग कमी झाल्याने माझे काही अडले नाही. अक्षराचा आकार १५० टक्के केल्यावर जुळणीचे जुने सॉफ्टवेअर धूसर दिसत होते, तेही विंडोजमधून एकदा साइन आउट करून परत आल्यावर स्वच्छ झाले.

आता दोन गोष्टी उरल्या होत्या. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर मनगट टेकले की मुंग्या आल्यासारखा बारीक झटका जाणवे. आणि दिवसातून सात-आठ वेळा मॉनिटर दोन-तीन सेकंद काळा होऊन परत येई. विहिरीचा पंप सुरू होताना तर हमखास. मला या दोन्हींचे कारण एकच वाटले. गावातल्या वायरमनला बोलावले. आमचे घर जुने, कौलारू, आणि माझ्या खोलीतले वायरिंगही जुनेच आहे. त्याने होल्डरला लावलेल्या बल्बची एक तार फेजला आणि दुसरी अर्थच्या भोकात घातली. बल्ब लागला नाही. “बाई, ह्या पॉयंटाक अर्थिंगूच ना,” तो म्हणाला. परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे जाऊन पाहिले, तर तार जमिनीच्या वीतभर वर गंजून तुटलेली होती.

मॉनिटरच्या आत विजेचे खरखरणे गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून झिरपणारा अगदी थोडा प्रवाह तिसऱ्या पिनेतून जमिनीत जावा अशी योजना असते. जमिनीची वाट तुटली की तो धातूच्या सांगाड्यावर आणि केबलीतून लॅपटॉपच्या अंगावर येतो. एवढ्याने माणसाला सहसा इजा होत नाही, पण यंत्रात खरा बिघाड झाला तर वाचवणारी वाटही तीच असते. म्हणून मुंग्या आल्या तर मॉनिटर, केबल यांचा विचार बाजूला ठेवून आधी अर्थिंग तपासून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. वायरमनने नवी तार टाकली आणि खड्ड्यात मीठ-कोळसा भरला. परत बल्ब लावला तेव्हा तो पूर्ण तेजाने लागला, आणि मनगटाला काही जाणवेनासे झाले.

त्याच दिवशी मी मागवलेली एक मीटरची केबलही आली होती आणि मी ती लावूनही टाकली. मॉनिटर काळा होणे थांबले. पण अर्थिंग आणि केबल या दोन गोष्टी एकाच दिवशी बदलल्यामुळे कशाने थांबले, हे सांगता येईना. कोऱ्या रकान्यापायी पाच दिवस घालवल्यानंतर हे असेच सोडणे मला पटले नाही. म्हणून अर्थिंग तसेच ठेवून भाच्याची दोन मीटरची केबल मी दोन दिवस परत लावली. पहिल्या दिवशी मॉनिटर पाच वेळा काळा झाला, दुसऱ्या दिवशी सात वेळा. पंपाच्या वेळी आणि नसतानाही. एक मीटरची केबल लावल्यावर पुढच्या आठवड्यात एकदाही झाला नाही. म्हणजे झटक्याचे कारण तुटलेली तार होती आणि काळोखाचे कारण वेगळे होते: केबल जितकी लांब तितका संकेत क्षीण होत जातो, आणि चारही जोड्या पूर्ण वेगाने वापरल्या की त्या केबलीत काही शिल्लक उरत नव्हते. पंप सुरू होताना उठणारा विजेचा खळबळाट मग तेवढ्याला पुरे होई.

भाच्याची केबल परत पाठवताना मी तिच्या टोकाला एक चिठ्ठी बांधली: ‘चित्र जाते, चार्जिंग होते. फोर-के, ६० वर टिकत नाही.’ माझ्या एक मीटरच्या केबलीलाही तशीच चिठ्ठी आहे, आणि डाव्या पोर्टाच्या वर, झाकणाच्या कडेला, पांढऱ्या टेपचा एक तुकडा चिकटवला आहे.